बाजारहत्नूरचे विमान

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर नावाची दोन गावे आहेत. एक गुडीहत्नूर आणि दुसरे आमचे बाजारहत्नूर. तेलुगूत गुडी म्हणजे देऊळ. एका हत्नूराच्या वाट्याला देव आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला बाजार, असे आमचे वडील गमतीने म्हणत. पुढे रस्ताही देवाच्याच हत्नूराला मिळाला. नागपूर-हैदराबाद महामार्ग आदिलाबादहून निघतो तो गुडीहत्नूर, इचोडा, नेरडीगोंडा करीत निर्मळचा घाट उतरतो. त्याचा क्रमांक पूर्वी सात होता, आता चव्वेचाळीस आहे. बाजारहत्नूर मात्र आत, कपाशीच्या शेतांत आणि सागाच्या टेकड्यांत राहून गेले. इचोड्याला उतरायचे आणि आत वळायचे, ही आमच्या गावाची वाट.

गावात मराठी घरे बरीच आहेत. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू अशा पाच भाषा एकाच वेळी कानांवर पडतात आणि भाव ठरताना कोणाचेही अडत नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो. २०१४ सालापासून आम्ही तेलंगणात आहोत. आमच्या वाड्याचे लाकूड या सर्व राज्यांच्या आधीचे आहे.

या वाड्यात आता आमच्या वहिनी आणि मी अशी दोनच माणसे असतो. थोरले बंधू गेले त्याला काही वर्षे झाली. त्यांचा मुलगा हैदराबादेस अभियंता आहे. २०२० साली टाळेबंदी आली आणि तो बायकोमुलांसह गावी आला. माडीवरच्या खोलीत बसून त्याने दीड वर्ष कचेरीचे काम केले. त्या दीड वर्षात वहिनींची तब्येत जितकी चांगली राहिली, तितकी ती पुढे कधी राहिली नाही. मग कचेरीने बोलावले. आठवड्यातून तीन दिवस समक्ष हजर राहावे, असा नियम झाला. त्याने वहिनींना शहरात चलण्याचा आग्रह केला, त्या चार दिवस जाऊन परत आल्या. वाडा विकावा की न विकावा, ही गोष्ट तेव्हापासून घरात कोणी बोलत नसे. पण ती सर्वांच्या मनात असे.

अशा दिवसांत एका सणाला तो आला आणि ओसरीवर बसून मला म्हणाला, "काका, एक लहान विमान घेतले तर?"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे. मुलाने उत्तर आधी सांगितले की त्याला कृती विचारायची, ही माझी सवय. मी म्हटले, "कोणते घेशील, का घेशील आणि कुठे उतरवशील, ते मांडून दाखव." त्याने खरोखरच वही काढली. ती वही पुढे दोन-तीन महिने आमच्या घरात होती.

प्रथम वाटले होते त्यापेक्षा हा विचार कमी वेडगळ निघाला. अलास्कात गावोगाव रस्ते नाहीत, तेथे लहान विमान हे आपल्याकडच्या जीपसारखे वापरतात. ऑस्ट्रेलियात १९२८ साली डॉक्टरांना विमानातून दूरच्या वस्त्यांवर नेण्याची व्यवस्था सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. अमेरिकेत तर घराच्या अंगणातून विमान काढून धावपट्टीवर नेता येईल, अशा वसाहती आहेत. आपल्या मराठी माणसांतही ही हौस आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांसमोर ठेवले. पुतण्याला तर बांधायचेही नव्हते, नुसते निवडायचे होते.

निवड करण्याआधी जागा पाहावी, म्हणून एके दिवशी आम्ही दोघे आदिलाबादला गेलो. गाडी इचोड्याला महामार्गाला लागली. कापसाची वेचणी चालली होती. गुडीहत्नूरपाशी सरकी आणि कापूस भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. आदिलाबादचा कापूसबाजार भरात असला की या रस्त्याला पांढरी किनार येते. वाऱ्याने उडालेला कापूस दोन्ही बाजूंच्या काटेरी झुडपांना लटकून राहतो.

आदिलाबादेत निजामाच्या काळातले एक विमानमैदान आहे, हे इकडच्या वाचकांना ठाऊक असेलच. ती जागा हवाई दलाकडे आहे. २०२५ साली तेथे नागरी विमाने उतरविण्यास हवाई दलाने संमती दिल्याची बातमी आली, आणि पुतण्याच्या डोक्यात विमान शिरले ते त्याच बातमीमुळे. आम्ही मैदानाच्या कडेला उभे राहिलो. दूरवर सपाट, उघडी जमीन आणि तिच्यावरचे वाळके गवत एवढेच दिसत होते. तरी एवढी मोठी मोकळी जागा शहराला लागून शिल्लक राहिली, याचे मला नवल वाटले.

हैदराबाद संस्थानाला विमानांचे वेड होते, हे आपण विसरलो आहोत. १९४५ साली संस्थानाने टाटांच्या सहकार्याने 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी काढली. तिची डकोटा विमाने हैदराबादेहून मद्रास, बंगळूर, नागपूर आणि दिल्लीकडे जात. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-वैमानिक. त्यांना नोकरी दिली ती याच कंपनीने. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. नकाशावर हैदराबाद ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती आदिलाबादच्या जवळून जाते. म्हणजे आमच्या आजोबांनी शेतात उभे राहून त्या डकोटा पाहिल्या असतील. त्यांत बसण्याचा विचार मात्र त्यांना शिवला नसेल.

"आता हे मैदान उद्या उघडले, असे धरू," पुतण्या म्हणाला. "मग यंत्र कोणते?"

येथून आमच्या वहीला आरंभ झाला. लहान विमान म्हटले की जगात पहिले नाव येते ते सेस्ना १७२ या विमानाचे. १९५५ साली ते प्रथम उडाले आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनले. आपल्याकडे पूर्वी 'पुष्पक' होते. बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्याने ते बनविले, १९५८ साली ते प्रथम उडाले. दोन माणसांचे, कापडाने मढविलेले, नव्वद अश्वशक्तीचे ते विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून शिकाऊ मुलांनी वापरले. त्यानंतर बंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने 'हंस' केले; ते १९९३ साली उडाले आणि त्याची नवी आवृत्ती २०२१ साली. ऑस्ट्रियाचे डायमंड डीए-४० हेही पुतण्याच्या यादीत होते.

मी म्हटले, "आधी ओझे मांड."

सेस्नाला आसने चार. सर्व भारासह त्याचे कमाल वजन सुमारे ११५७ किलो. रिकामे विमान साधारण ७७० किलोचे. उरले ३८७. टाक्या पूर्ण भरल्या की २०० लिटर इंधन, म्हणजे सुमारे १४५ किलो. आता शिल्लक राहिले २४२. यात धष्टपुष्ट अशी तीन माणसे बसतात, आणि त्यांच्या हातात पिशवीही नसावी. चार आसने आहेत म्हणून चार माणसे बसतात, असा हिशेब येथे चालत नाही. माणूस वाढवला की इंधन कमी करावे लागते आणि इंधन कमी केले की वाट कमी होते. वहिनींनी हे ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्वारीचे पोते न्यायचे नाही." त्यांचे म्हणणे हिशेबाला धरूनच होते.

मग उष्णतेचा प्रश्न आला, आणि हे प्रकरण मला सर्वांत मनोरंजक वाटले. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंख कमी उचलतो, इंजिन कमी ओढते आणि पंखाही हवेला नीट पकडत नाही. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून अडीचशे-पावणेतीनशे मीटर उंच आहे. पण मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर गेला की तेथली हवा विमानाच्या दृष्टीने साडेतेराशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. साडेतेराशे मीटर ही महाबळेश्वरची उंची. आमचा घामाने निथळणारा आदिलाबाद विमानाच्या लेखी महाबळेश्वर असतो! थंड हवेत, समुद्रकाठी, या विमानाला जमीन सोडून झाडाच्या उंचीवर जाण्यास पाचशे मीटर पुरतात. आमच्या उन्हाळ्यात त्यात तिसऱ्या हिश्शाची तरी भर घालावी लागते, आणि जमीन गवताची असेल तर आणखी. निवड करणाऱ्याने विमानाच्या माहितीपुस्तकातील पहिला आकडा न पाहता आपल्या गावच्या मे महिन्याचा आकडा पाहिला पाहिजे.

"मग आपल्याच शेतात पट्टी केली तर? आदिलाबादला जायलाच नको," पुतण्याने सुचविले. आमचे शेत लांब आहे. अलास्कातील मोठ्या चाकांची, शेपटीखाली चाक असलेली विमाने नदीच्या वाळूवरही उतरतात. पंख वर असलेले विमान घेतले तर दोन्ही बाजूंच्या कपाशीला ते लागणारही नाहीत. सर्व खरे, पण आमची जमीन काळी रेगड आहे. मृग लागला की ती बैलगाडीचे चाक सोडीत नाही. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात. वर्षातले चार महिने चिखल आणि दोन महिने भेगा, अशा जमिनीवर रोज उतरायचे तर खडी-मुरूम घालून पक्की पट्टी करावी लागेल, आणि ज्या रस्त्याने ती खडी आणायची त्या रस्त्यानेच माणूस हैदराबादला जाईल. परवानग्यांचा भाग वेगळाच. आपल्या देशात प्रत्येक उड्डाणाचा आराखडा आधी द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाचा क्रमांक मिळाल्यावाचून चाक हलवता येत नाही.

इंधनाने आणखी एक नाव खोडले. सेस्नाला विमानाचे खास पेट्रोल लागते. पूर्वी ते परदेशातून येई. २०२२ साली इंडियन ऑइलने ते आपल्या देशात काढण्यास आरंभ केला. तरी ते मोठ्या शहरांतच मिळायचे. हंस विमानाचे रोटॅक्स इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते, हे कळल्यावर पुतण्या हर्षाने उठलाच, कारण पेट्रोलपंप इकडेही आहेत. पण त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, आणि आपल्याकडे २०२५ सालापासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. उसाने आमचे विमान अडविले, असे मी म्हटले. राहिले डायमंड. त्यातील डिझेल पद्धतीचे इंजिन मोठ्या विमानांच्या इंधनावर, म्हणजे एक प्रकारच्या शुद्ध रॉकेलवर चालते. आदिलाबादला कधी नागरी विमाने आली तर ते इंधन तेथे येईल, असे म्हणता येते. वहीत त्याच्या नावाभोवती वर्तुळ पडले.

यंत्र ठरले. आता राहिला ऋतू.

खाजगी परवान्यासाठी चाळीस तास उड्डाण करावे लागते. असा परवाना मिळालेला माणूस डोळ्यांनी दिसेल त्या आधारे उडतो. साधारणपणे पाच किलोमीटर पुढचे दिसले पाहिजे, ढगांपासून ठरावीक अंतर राखले पाहिजे, आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या आत खाली आले पाहिजे. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाला सूर्य मावळतो. कचेरी सुटायची सहाला! पावसाळ्यात निर्मळच्या घाटावर ढग असे उतरतात की महामार्गावर मोटारी दिवे लावून चालतात. तेथून नजरेच्या आधारे विमान न्यायचे म्हणजे डोंगर आणि ढग यांच्या मधल्या फटीतून जायचे. नुसत्या उपकरणांवर उडण्याचे शिक्षण वेगळे घेता येते. पण ते घेऊन आठवड्यातून एकदा वापरणारा माणूस आणि रोज वापरणारा माणूस यांत फरक राहतोच.

या ठिकाणी मी त्याला तीन तारखा लिहून दाखविल्या. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे एका सभेला जाताना उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवेत विमान कोसळून गेले. २ सप्टेंबर २००९ रोजी आपल्या राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात पावसात कोसळले. ही दोन्ही वाहने व्यावसायिक वैमानिकांच्या हाती होती. तिसरी तारीख १६ जुलै १९९९. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा स्वतःचे लहान विमान स्वतः चालवीत घरच्या लग्नाला निघाला होता. रात्र होती, समुद्रावर धूसर होते. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते त्याला कळेनासे झाले. विमानात त्याची पत्नी आणि मेहुणी होत्या. यंत्र चांगले होते. पण तिघांनाही कुठेतरी वेळेवर पोहोचायचे होते.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, सोमवारी हजर राहायचेच असेल, तर रविवारी आभाळ पाहून 'आज नको' म्हणता येणार नाही. ते म्हणता येत नसेल, तर हे यंत्र माझे नाही."

गणिताच्या मास्तराला विद्यार्थ्याकडून याहून अधिक काय हवे? तरी मी त्याला शेवटचे उदाहरण घातले. चांगली हवा आहे, मैदान उघडे आहे, सर्व अनुकूल आहे असे धरून दारापासून दारापर्यंतचा वेळ काढ. त्याने मांडले. बाजारहत्नूरहून आदिलाबादच्या मैदानावर जाण्यास सव्वा तास. विमान तपासणे, इंधन पाहणे, परवानगी घेणे यांत पाऊण तास. आदिलाबाद ते बेगमपेठ सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे सव्वा तास. उतरून विमान बांधून ठेवण्यास अर्धा तास. बेगमपेठहून कचेरीपर्यंत शहराच्या गर्दीतून एक तास. एकूण पावणेपाच तास. आणि सध्याची वाट? इचोड्याहून सरळ महामार्गाने, सव्वापाच तास. लाखो रुपये, चाळीस तासांचे शिक्षण आणि वर्षभराची देखभाल यांच्या मोबदल्यात अर्धा तास हाती येत होता. शिवाय हैदराबाद दक्षिणेला आणि मैदान उत्तरेला. उडण्यासाठी प्रथम उलट्या दिशेने जायचे! वहिनी देवघरातून ऐकत होत्या, त्या मोठ्याने हसल्या. त्या कितीतरी दिवसांनी अशा हसल्या होत्या.

याचा अर्थ आदिलाबादला विमान नको, असा मुळीच नाही. आजारी माणूस नागपूरला किंवा हैदराबादला नेताना रस्त्यात काय होते ते आमच्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण नित्य जाण्यायेण्याचे विमान एकट्याच्या हौसेवर चालत नाही. दोन वैमानिक, उपकरणे, तपासणारा अभियंता आणि हवा वाईट असेल तर उड्डाण रद्द करण्याचा अधिकार असलेला तिऱ्हाईत माणूस, एवढे त्यामागे लागते. १९८१ साली सरकारने लहान गावांसाठी 'वायुदूत' काढली होती, ती तोट्यात गेली आणि बंद पडली. २०१७ साली 'उडान' योजनेतील पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले. कानपूरला बनलेले सतरा आसनांचे डॉर्नियर विमान २०२२ च्या एप्रिलपासून आसामातील दिब्रुगड आणि अरुणाचलातील पासीघाट यांच्या दरम्यान प्रवासी नेऊ लागले. आदिलाबादला शोभेल असे लहान विमान मला विचाराल तर ते हे. त्यात आमचा पुतण्या एका तिकिटाचा मालक असेल, तेवढे पुरे.

वहीचे शेवटचे पान मात्र विमानाचे नाही. आता तो रविवारी रात्री मुक्कामी बसने निघतो, झोपेत घाट उतरतो आणि सकाळी हैदराबादेस उतरतो. तीन दिवस कचेरी करून बुधवारच्या रात्रीच्या बसने परत येतो. गुरुवार-शुक्रवारचे काम माडीवरून करतो. झोपेत झालेला प्रवास हिशेबात धरायचा नाही, असे त्याचे म्हणणे. सूनबाई आणि मुले सुट्टी लागली की येतात. माडीवरच्या खोलीचे गळके कौल त्याने या पावसाळ्याआधी बदलून घेतले. वाडा विकण्याची गोष्ट अजूनही कोणी बोलत नाही. पण कौले बदलली तेव्हा मी काय समजायचे ते समजलो.

या सर्व खटाटोपात खरा फायदा झाला तो वहिनींचा. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट पडत नाही. आता त्या अधूनमधून एकट्याच आदिलाबादला बहिणीकडे जातात. परवा निघताना मी विचारले, "वहिनी, पोहोचायला किती वेळ लागेल?" त्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "मला कुठे कचेरी गाठायची आहे, भाऊजी? बस येईल तेव्हा येईल." आणि पिशवीत ज्वारीचे पीठ घेऊन त्या फाट्याकडे चालू लागल्या.